शेवटचे अकरा किलोमीटर

मोन्तेविदेओहून ती निघाली तेव्हा
आमच्या माळवाडीत कोणता वार होता
हे मी फळ्यावर मांडून पाहिलं.
साडेआठ तास पुढं आम्ही,
मग मधले दोन मुक्काम, मग हातचा एक.
पोरं म्हणाली, गुरुजी, चुकलं.
चुकलंच होतं. पुसलं नाही.

पहाटे सव्वापाच. कावळा नाका.
माझ्या हातात पुठ्ठा, पिरगोंडानं रंगवलेला:
ईनेस बाई. ई दीर्घ, वर एक फूल.
मुंबईच्या गाड्या येऊन माणसं ओतत होत्या,
रिक्षावाले आधी पुठ्ठा वाचायचे, मग मला.
माझा धाकटा मस्कतला उतरला
तेव्हा कुणी असा पुठ्ठा धरला होता का?
सात वर्षं झाली, विचारायचं राहिलंय.

ती उतरली एक बूट हातात घेऊन.
दुसरा पायात रुतलेला, निघत नव्हता.
एक बॅग दोह्यातच राहिलेली.
पाठ केलेलं "नमस्कार" म्हणाली,
त्यापुढचं बहुतेक त्या बॅगेत होतं.

वडापात आम्ही चौदा.
तिला खिडकी दिली,
म्हणजे जिथं काच नव्हती ती जागा.
शियेच्या पुढं उसाचा ट्रॅक्टर,
दोन ट्रॉल्या, मागं लाल फडकं,
स्पीकर कान फाडतोय
आणि अख्खा फड आमच्या पुढ्यात डुलत चाललाय.
अर्धं जग तिनं एक्केचाळीस तासांत मागं टाकलं होतं,
हे अकरा किलोमीटर दीड तास सरेनात.
किती लांब, तिनं हातानं विचारलं.
"आलंच," तेराही जण म्हणाले.
एकानं चालत्या ट्रॉलीतला ऊस उपसला,
शेजारच्या म्हातारीनं दातानं सोलून
कांडं तिच्या हातात दिलं.

शाळेत पोरं आठपासून रांगेत.
हार, लेझीम, सरपंचांचं दोन पानी भाषण.
दुसऱ्या पानावर सरपंच पोचले
तेव्हा ती खुर्चीत झोपली होती,
तोंड जरासं उघडं, ओठाला उसाचा चोथा.

सत्तावीस वर्षं मी "शांत बसा" म्हणत आलोय.
त्या दिवशी कुणी म्हटलंच नाही.
अल्फियानं लेझीम ओढणीत गुंडाळले.
पिरगोंडानं घंटेची हातोडी
चड्डीच्या खिशात घातली.
हौसाक्का खिचडी वाढत गेल्या
पळी टोपाला लागू न देता.
"झोपू दे," कुजबुजल्या, "लई लांबनं आलंया लेकरू."
तिच्या पायांकडं बघितलं, टम्म सुजलेले.
आपल्या निळ्या पट्ट्यांच्या स्लीपर काढून
खुर्चीखाली ठेवल्या
आणि अनवाणीच चुलीकडं गेल्या.

पत्र्याची सावली सरकली
तसं चौघांनी खुर्चीसकट तिला सरकवलं.
दोनदा. जागी झाली नाही.

पाच वाजून गेल्यावर दचकून उठली.
"शाळा?"
"सुटली," मी म्हणालो.
वेळ संपली होती, सुटली नव्हती.
एकही पोर घरी गेलं नव्हतं.
बसली होती सगळी तिच्याकडं बघत,
चुलीवरच्या दुधाकडं बघावं तशी.

तिनं स्लीपरात पाय घातले, टाचा बाहेर.
फळ्याशी गेली. माझं गणित वाचलं.
खडू घेतला, बोटं मोजली,
साओ पावलोत अडकलेले सात तास धरले,
जे मला कुणी सांगितलेच नव्हते,
सगळ्याची बेरीज केली, खाली रेघ ओढली.
अल्फिया पुढं झाली, मान तिरकी करून बघितलं.
"बाई, चुकलं. हातचा राहिला."

शब्द कळले नसतील. सूर कळला असावा,
कारण ती हसली,
त्या दिवसात पहिल्यांदा,
आणि खडू अल्फियाच्या हातात दिला.

मग पिरगोंडाला खिशातलं आठवलं.
पावणेसहाला शाळा सुटल्याची घंटा झाली.
कुणी उठलं नाही.