हातचा

गॅसच्या बिलाच्या पाठीवर
एराल्दोने उभी रेघ मारली.
डावीकडे पुंता अरेनास, उजवीकडे कालामा.
मधे आख्खा चिली,
फूटपट्टीसारखा लांब आणि पट्टीइतकाच रुंद.

गॅस : इकडे स्वस्त.
तिकडे, तो म्हणाला, लागतोच कुठे.
ते मी खोडायला लावलं.
यास्नाचा भाऊ खाणीत आहे तिथे,
दुपारी बनियनवर असतो, पहाटे दोन घोंगड्यांत.
मग लिहिलं : सिलिंडर, महाग.

घर : इकडचं आपलं.
पत्र्याचं, पण आपलं.
तिकडे तीन खोल्यांना नव्या पगारातला
जवळजवळ अर्धा.
खाणवाल्यांनी पगार वाढवले,
ते पत्र घरमालकांनी आधी वाचलं.

पाणी : इकडे कधी मोजलंच नाही.
तिकडे पिण्याचं विकत,
वीस लिटरचा कॅन, चौथा मजला.
जिन्याचे पैसे धरायचे का, मी विचारलं.
तो हसला नाही.

ऊन.
इथे आल्यावर त्याने पेन्सिलीला टोक केलं.
जूनमध्ये आमच्याकडे दहाला उजाडतं
आणि साडेपाचला कुणीतरी वरून झाकण लावतं.
दानको अंधारात शाळेला जातो, अंधार पडताना परततो.
डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलेल्या थेंबांची बाटली
केवढ्याला पडते, ते मला झोपेतही सांगता येईल.
तिकडे वर्षभर ऊन. फुकट.
फुकटच्या खाली त्याने दोन रेघा मारल्या.
मी पुढे लिहिलं : मलम, काळे चष्मे,
पहिले काही महिने नाकातून रक्त.

वाऱ्याला आकडा कसा लावायचा?
जोराचा सुटला की चौकात दोर बांधतात,
माणसं दोर धरून रस्ता ओलांडतात.
सासूबाई अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही धरत नाहीत.
वाऱ्यावर थोडं रेलायचं, म्हणतात,
तो पडू देत नाही.
त्या येणार नाहीत.
हातचं सोडून पळत्याच्या मागे
तुम्ही खुशाल जा, म्हणाल्या,
आणि चहात साखर घालायला विसरल्या.
हे कुठल्या रकान्यात?
राहू दे रिकामं, एराल्दो म्हणाला.

ट्रकवाल्याचा दर निराळाच.
आपल्याच देशात घर हलवायचं
तर वाट परक्या देशातून.
दोन नाकी, दोन झडत्या.
फळ नाही, मध नाही, बी नाही,
माती चिकटलेलं काहीच नाही.
मागच्या अंगणातला रुइबार्बो
बर्फाखाली झोपलेला होता.
त्याला आम्ही काही बोललो नाही.

बेरीज झाली.
उजवीकडे उरत होतं. फार नाही,
पण दर महिन्याला शाळेचे बूट घ्यावेत, इतकं.
एराल्दो पाठ टेकून बसला, पहिल्यांदाच.
तेवढ्यात दानको, नऊ वर्षांचा,
दुधाचा मिशीपट्टा तसाच ओठावर,
कागदावर वाकून म्हणाला,
बाबा, इथे हातचा एक राहिलाय.

राहिला होता.
तिकडच्या खर्चात, लाखाच्या घरात.
तो धरला तर दोन्ही बाजू
एकमेकींकडे बघत उभ्या,
दारात अडलेल्या पाहुण्यांसारख्या, तुम्ही आधी, तुम्ही आधी.

कुणीच काही ठरवलं नाही.
एराल्दोने बिल उलटं केलं,
म्हणजे सुलटं,
आणि भरायची तारीख बघितली.

रात्री सगळे झोपल्यावर
फडताळ उघडून मी मुरांबे मोजले,
फेब्रुवारीत केलेले, त्याच आंबट तांबड्या दांड्यांचे.
झाकण घट्ट असेल तर नाक्यावर सोडतात.
अकरा बरण्या.
महिन्याला एक धरली
तर वर्षाला एक कमी पडते.

बारावी सासूबाईंच्या कपाटात आहे.
ती मागायला गेले
तर त्यांना कळेल.