उणे एकशे शहाण्णव

आज इर्या कालोनेन निवृत्त होतेय
आणि टाकी रिकामी करणं माझ्याकडे आलंय.
झाकण उचललं की वाफ आधी पायांवर येते,
फरशीवर सांडते, मग डबे दिसतात,
डब्यांत कुप्या, कुप्यांवर तिचं
उजवीकडे कललेलं अक्षर.
एकोणऐंशीपासूनची माणसं.
माणसं नव्हेत, पेशी,
असं तिनंच पहिल्या आठवड्यात बजावलं होतं.
स्वतः मात्र म्हणायची,
"रुनारला बाहेर काढ."

तुर्कूच्या इस्पितळात तळघरातल्या दोन खोल्या,
एक उबवणयंत्र,
आणि उन्हाळ्यात फुगून न लागणारं दार.
रक्तातले राखणदार आपलं-परकं ओळखतात
हे पुस्तकात होतं.
पण राखणदारच बेसुमार वाढले,
कुंपणच शेत खायला लागलं,
तर उरलेल्या राखणदारांना ते दिसत नाही,
की दिसतं आणि हात उचलत नाही?
एवढाच प्रश्न. पस्तीस वर्षं.

रुनार सुंदक्विस्त, क्रमांक एकेचाळीस,
नाउवोच्या फेरीबोटीवरचा.
दर तीन आठवड्यांनी सुई टोचून घ्यायला यायचा,
वर्तमानपत्रात गुंडाळलेला धुरावलेला मासा
माझ्या टेबलावर ठेवायचा, अहवालांचा वास महिनाभर जात नसे.
एकदा हट्टानं भिंगात डोकावला.
"हे माझे?"
"तुमचेच."
"सगळेच?"
इर्यानं उत्तर दिलं नाही.
चौऱ्याऐंशीच्या ऑक्टोबरात तो गेला.
त्याच्या अकरा कुप्या उरल्या.

आंधळे आहेत ते, असं तिनं छापलं. दोनदा.
टाळ्या मिळाल्या, उप्सालात एक चांदीचं तबक.
अकरा वर्षं आम्ही आंधळ्यांचाच हिशेब मांडला.
मग त्र्याण्णवच्या फेब्रुवारीत
वासराच्या सीरमची जुनी खेप संपली,
मी नवी बाटली उघडली, बाकी काही केलं नाही,
आणि तिसऱ्या दिवशी काचेखाली
रुनारचे आंधळे राखणदार
शत्रूला बिलगून बसलेले.
बिलगलेले. मारत मात्र नव्हते.
तिनं बराच वेळ डोळा उचलला नाही.
"दिसतंय त्यांना," म्हणाली. "थकलेत."
त्याच रात्री स्वतःच्या दोन लेखांविरुद्ध पत्र.
टंकन माझं.
"आमची चूक" मी तिसऱ्या परिच्छेदात घातलं होतं,
तिनं ते पहिल्या ओळीत आणायला लावलं,
आणि "आमची" खोडून "माझी" केलं.

थकवा उतरवणारं औषध पुढे दुसऱ्यांनी केलं,
मोठ्या शहरांत, मोठ्या पैशांवर.
त्यांच्या लेखात ती त्रेसष्टावी तळटीप आहे,
आडनावात एक एल कमी.
मी चिडलो. ती सायकलची साखळी बसवत होती.
"बरे होतायत ना लोक?" एवढंच विचारलं,
आणि काळी बोटं माझ्याच रुमालाला पुसली.

आता नवा नियम: संमतीपत्र नसेल तर नष्ट करा.
चौऱ्याऐंशीत कसलं संमतीपत्र?
मासा होता.
शेवटची कुपी चिमट्यात धरून मी उभा,
वर केक कापायला डीन थांबलेले,
तेवढ्यात ती जिना उतरून आली,
कॉलरला फूल टाचलेलं, हातमोजे चढवत.
"पाणी तापव. सदतीस."
झटपट वितळवायचं,
मग पोषणद्रव थेंबाथेंबानं, घाई केली की फुटतात,
हे मी तिच्याकडूनच शिकलो,
तरी ती थेंब मोजत होती माझ्याबरोबर, ओठांतल्या ओठांत.

बऱ्याच मेलेल्या होत्या.
काही नव्हत्या.
"हा बघ," ती म्हणाली, आणि सरकून जागा दिली.
तीस वर्षं गोठलेला एक राखणदार
कडेकडेनं सरकत होता,
कुठे ते मला कळलं नाही.
वरून कुणीतरी दोनदा हाक मारली.
"नष्ट करायचंय," मी म्हटलं.
"हो," ती म्हणाली,
आणि स्टूल पुढे ओढलं.