घटनेची तारीख

विमा कंपनीच्या कागदावर एकच रकाना अजून कोरा आहे:
घटना केव्हा घडली.
मेरिन हॅडो पेनाचं टोपण चावत बसली आहे.

शेड जळाली ती एकोणीस मेच्या रात्री,
तेवढं सोपं आहे.
छतातल्या तारांचं रबर कुरतडलेलं, एक ठिणगी, खाली वाळला चारा.
ट्रॅक्टरची टाकी फुटली तेव्हा
पाच मैलांवर क्लेम ट्रँटरच्या खिडक्या थरथरल्या.
त्या आवाजाला तारीख आहे.
पण तो स्फोट नव्हता.
ती त्याची नुसती शेपटी होती.

त्याआधी तीन वर्षं आभाळ ठणठणीत कोरडं.
मेंढ्या ट्रकमधून गेल्या, शेततळं तळापर्यंत तडकलं,
वॉलगंबीच्या पत्र्याच्या चर्चमध्ये अकरा माणसं
दर रविवारी एकच मागायची: पुष्कळ दे.
मग गहू असा आला
की सायलो पुरेनात.
डॅरिलने उघड्यावर ढीग घातला, ताडपत्री ओढली,
फोटो काढून सिडनीच्या बहिणीला पाठवला.
पुष्कळ.
कुणासाठी, ते मागताना सांगायचं राहून गेलं होतं.

जानेवारीत ती अजून मोजत होती.
बादलीत पाणी, वर तेल चोपडलेली आडवी बाटली,
सकाळी वहीत आकडा: सदतीस. एकशे बारा.
चारशे, अंदाजे.
मादी सहा आठवड्यांत वयात येते, तीन आठवड्यांत विते,
पिल्लं अंगावर पीत असतानाच पोटात पुढची खेप.
डॅरिल हे गुणत गेला, गुणत गेला,
आणि कॅल्क्युलेटर पालथा घालून बाहेर निघून गेला.
मार्चमध्ये वही उघडली तर आकडेच नाहीत.
कागदाचा भुसा,
आणि त्यात गुलाबी, डोळे न उघडलेली सात पिल्लं
हिशेबाच्या उबेत.

डोंगर पोखरून उंदीर काढतात म्हणे.
इथे उंदरांनीच डोंगर पोखरला, गव्हाचा,
वर ताडपत्री तशीच ताणलेली,
आतून श्वास घेतल्यासारखी हलणारी.
पलंगाचे पाय रॉकेलच्या डब्यांत.
एका रात्री टिलीच्या केसांत काहीतरी वळवळलं.
सहा वर्षांची पोर, किंचाळली नाही.
उठली, झटकलं, कूस बदलून झोपली.
मेरिनला आगीपेक्षा त्याचीच धास्ती बसली.

वासाबद्दल ती कुणाशी बोलत नाही.

जूनमध्ये सलग तीन रात्री दव गोठलं
आणि संपलं.
कुणी मारलं नाही. आजार, भूक, एकमेकांचे लचके.
आता रात्री छतात इतकी शांतता
की ती उठून भिंतीला कान लावते.

घटना केव्हा घडली.
ऑक्टोबरातली एक सकाळ: साखरेच्या डब्यात एकच,
मिशांना साखरेचे कण, पोट जरासं गोल.
मेरिनने व्हरांड्याखालच्या गवतात डबा उपडा केला,
म्हणाली, जा बाई, तुलाही घर असेल.
नंतर हात धुतले, चहात साखर घातली नाही.
एवढंच.

ती पेन टेकवते.
सतरा ऑक्टोबर, सकाळी सातच्या सुमारास.
पुढचा रकाना: साक्षीदार.
ती लिहिते, मी
आणि स्वल्पविराम देते.
त्यापुढे काय लिहायचं होतं
ते तिला आठवत नाही.