विलंबाचं कारण

अहवालात एक रकाना असतो, उजवीकडे, अरुंद.
एरवी मी तिथे लिहिते: बर्फ.
किंवा: फाटक बंद, मालगाडी.
कालपासून तो कोराच आहे
आणि पेनाचं टोपण मी दातांनी चावून चपटं केलंय.

आमचं गाव नायसेच्या काठी, पलीकडे पोलंड.
काचकारखाना बंद पडला तशी पोरं लाइपझिगला गेली,
ती गेलीच.
दुपारी भोंगा वाजला तर आम्ही चौघं जमतो.
मी, विब्के पंपावर,
हार्टमुट, वय एकसष्ट, गुडघ्यात स्टीलचा खिळा.
आणि फाल्को.
फाल्को नेहमी पहिला.
बूट चढवतानाही तो धावत असतो.

दर सोमवारी हाच फाल्को चौकात उभा राहतो.
हातातला भोंगा तेव्हा वेगळा असतो.
कुणाला कुठल्या गाडीत कोंबून कुठे धाडायचं
ते नावं न घेता सांगतो,
आणि बेकरीसमोरची माणसं पाव काखेत धरून ऐकतात.
मानेवर त्याच्या एक आकडा गोंदलेला आहे.
अर्थ मला ठाऊक आहे. मी कधी विचारला नाही.
आगीतलं हूड ओढलं की तो झाकला जातो
आणि मी, खरं सांगायचं तर,
हूड चढेपर्यंत दुसरीकडे बघत आले.
नऊ वर्षं.

(लाकूडगिरणीच्या आगीत तुळई कोसळली तेव्हा
माझा पट्टा धरून मागे ओढणारा हात त्याचाच होता.
तेही कुठल्या रकान्यात बसत नाही.)

काल दुपारी जुन्या शाळेत लागली.
खाली सायकली ठेवतात तिथून, वायरिंग बहुतेक.
दुसऱ्या मजल्यावर आब्रेहेत, इरिट्रियाची,
वृद्धाश्रमात रात्रपाळीला चादरी बदलते,
माझ्या आईचीसुद्धा.
कडेवर पोरगं.
शिडी लागली. मी सांगायच्या आत फाल्को चढला.
खिडकीशी पोचला
आणि प्रशिक्षणात शिकवतात तस्सं केलं त्यानं:
घाबरलेल्याला मुखवटा दाखवू नका,
चेहरा दाखवा.
त्यानं मास्क वर केला.

तिनं चेहरा पाहिला
आणि खिडकी लावून घेतली.

धूर होता त्या बाजूला गेली ती, पोराला छातीशी दाबून.
फाल्को काचेवर तळवा आपटत होता, उघड, उघड,
सोमवारच्याच आवाजात.
त्याच्याकडे दुसरा आवाज नाही.
मी खालून ओरडले: उतर.
मग हार्टमुट चढला, खिळ्यासकट, एकेक पायरी.
त्याला तिनं उघडलं.
पन्नास सेकंद. मी मोजले,
मोजण्याशिवाय हातात काही नव्हतं.
पोराला गोर्लिट्झच्या इस्पितळात नळी लावलीय.

सकाळी मेयर म्हणाले, आगीला पक्ष नसतो.
खरंय.
पण आगीला कुणी दार उघडावं लागत नाही.
आम्हाला लागतं.

फाल्को अंगणात पाइप धूत होता.
"मी तर गेलो होतो ना वर?"
गेला होतास.
"तिला टाकून आलो असतो मी? बोल ना."
नसतास.
शपथेवर सांगेन मी, कुठल्याही कोर्टात.
पण खिडकीतल्या बाईला
माझी शपथ ऐकू येत नाही.
त्याच्या बुटांवरून काळं पाणी वाहत गटाराकडे गेलं
आणि आम्ही दोघंही त्याच्याकडेच बघत राहिलो.

पेजर काढून घेतला तर उरतो तिघं.
तिघांवर गाडी बाहेर काढायची नाही, असा नियम.
शेजारगावची यायला अठरा मिनिटं,
फाटक उघडं असेल तर.

मेजावर परत येऊन मी रकाना भरला:
खिडकी आतून बंद करण्यात आली.
वाचलं.
मग "आतून" या शब्दावर रेघ मारली.