संपर्क होऊ शकला नाही

कंपनीने स्क्रू फुकट दिले, ड्रिल फुकट,
दोन वर्षं माझा पगारही तिचाच.
धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत म्हणतात.
मला नेमलं होतं तेवढ्याचसाठी,
दात मोजायला.

गंगापूर रोडचा दवाखाना, मागची खोली,
ऑटोक्लेव्हच्या वाफेशेजारी माझं टेबल.
फोन लावायचे : ओझर, दिंडोरी, सिन्नर, भगूर.
हलतो का? चावताना दुखतं का?
त्रेसष्ट माणसं. बहुतेकांचे घट्ट होते,
हेही लिहिलं पाहिजे.

यादव गांगुर्डे न बोलावता आले.
नाशिकरोडला नोटांच्या छापखान्यात एकतीस वर्षं
ताव उजेडाला धरून दोष शोधलेले.
खिशातून काडेपेटी काढली, उघडली :
कापसावर टायटॅनियमचा स्क्रू.
"भाकरी खाताना आला हातात. म्हटलं, तुमच्या नोंदीला लागेल."
आणि माझ्यासाठी चिवड्याचा पुडा,
रिकाम्या हाताने कसं यायचं म्हणून.
जाताना म्हणाले,
"आमच्याकडे बाद ताव जाळायचे, पण आधी मोजून.
वहीत आकडा, खाली सही. मग भट्टी."

संध्याकाळी डॉक्टर वडनेरेंनी यादी पाहिली.
गांगुर्डे ठरल्या तारखेनंतर नऊ दिवसांनी आले,
म्हणजे मुदतीबाहेर,
म्हणजे आलेच नाहीत.
असे सात.
त्यातल्या पाचांचे पडलेले, मी स्वतः कानांनी ऐकलेलं.
शेऱ्याच्या रकान्यात मीच टाइप केलं :
संपर्क होऊ शकला नाही.
सात वेळा. कॉपी, पेस्ट.

डॉक्टर वाईट नाहीत.
माझ्या आईची कवळी त्यांनी एक पैसा न घेता बसवली.
खोटा आकडा एकही लिहिला नाही,
भागाकारात फक्त खालची संख्या
त्रेसष्टची छप्पन्न झाली.
वर पंचावन्न.
शेकडा अठ्ठ्याण्णव.

धरणाकाठच्या रिसॉर्टवर परिषद झाली,
काचेपलीकडे द्राक्षाचे मांडव, अलीकडे कंपनीचं जेवण.
स्लाइडा मी पुढे सरकवत होते.
शेवटची : हितसंबंध, काही नाहीत.
ती तीन सेकंद राहिली पडद्यावर.
टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या,
एका हातात रिमोट होता म्हणून जरा बोद.

काल गांगुर्डेंचा फोन.
"छापून आलं म्हणे?"
आलं.
"मग, माझा कितवा नंबर?"

काडेपेटी माझ्या खणात आहे.
खण ओढला की
आत काहीतरी एकदाच वाजतं.