लाल चौकोन

मार्चअखेरीस पिमनं जाताना कॅलेंडर दिलं.
लॉजच्या काउंटरमागं, वीजबिलांच्या खिळ्याला ते लटकतंय.
साल पंचवीसशे अडुसष्ट.
कडूबा म्हणाला, आपण तर लई मागं राहिलो राव,
आणि फर्दापूरच्या नाक्यावर चहा आणायला गेला.

अक्षरं म्हणजे वेलीची पीळदार टोकं,
एकही लागत नाही.
फक्त लाल चौकोन कळतात: सुट्टी.
त्यांची सुट्टी म्हणजे आमच्या बावीस चादरी,
उकळत्या सोड्यात.

पिमला मराठी येत नव्हतं, मला तिचं.
मग तिनं चौकोनांत पेननं चित्रं काढली.
फेब्रुवारीत चंद्र. मे महिन्यात चंद्र. जुलैत चंद्र.
मी बोटं मोजली: माघ, वैशाख, आषाढ.
अरे, हे तर आपलेच.
आषाढाच्या चंद्राखाली छत्री, छत्रीखाली भंते,
बसलेले, कुठंही न जाणारे.
वर्षावास, मी म्हणालो.
वस्सा, ती म्हणाली.
एवढंच आमचं बोलणं.

एप्रिलात तीन चौकोन सलग, तेरा ते पंधरा.
त्यात बादली, बादलीतून उडालेलं पाणी
थेट पुढच्या आठवड्यापर्यंत.
अनोळखी माणसाला भिजवायचं, हे तिनं
रिकामा तांब्या माझ्यावर उपडा करून दाखवलं.
मी तिला मागचा हौद दाखवला:
तळाशी चार बोटं गाळ,
टँकर आता परवा.
चौदा तारखेला आम्ही निळ्या पताका लावतो,
चौकात गार पाण्याचे जार ठेवतो,
येईल त्याला ग्लासभर.
भिजवत नाही. पाजतो.
तिनं तांब्या सरळ करून ठेवला.

ऑगस्टच्या बाराला लुगड्यासारखं काही नेसलेली आई,
तिच्या पायाशी मोगरा.
आमच्या मायनं मोगरा माळला असलाच
तर माझ्या जन्माआधी.

नोव्हेंबरात पानाची होडी, होडीत दिवा.
कार्तिकी पुनवेला मी केळीचं पान कापून
वाघूरमध्ये एक सोडली.
दहा हात गेली, खडकाला अडकली.
कडूबा काठीनं ढकलायला निघाला.
म्हटलं, राहू दे, जळतोय ना.

डिसेंबरची दहा. लाल. चित्र नाही.
बस सुटत होती, पेन तिथंच थांबलं होतं.
मी मनात बरंच काही काढून पाहिलं,
कुणाचा जन्म, कुणाचं निर्वाण, भाताची कापणी,
आणि मालकाला म्हणालो, दहाला येणार नाही.
का?
सण आहे.
कोणता?
माहीत नाही.
अकरा वर्षांतली पहिली सुट्टी.
दिवसभर बायकोशेजारी उन्हात बसून
तुरीच्या उकडलेल्या शेंगा खाल्ल्या.

माघात दुसरी बस आली.
त्यांच्या गाइडला मी चौकोन दाखवला.
हिंदीत म्हणाला, संविधान का दिन.
तुमचंही आहे?
आहे. बऱ्याचदा नवं लिहिलंय.

मग गेलेलं साल काढायला त्यानं खिळ्याकडं हात नेला.
नवं आणलं होतं त्यानं, गुळगुळीत.
म्हटलं, शेजारी लाव.
आणि दहाच्या चौकोनात
मी शेंग काढली, चार दाण्यांची.