उगमा

वूच म्हणजे नाव, पाण्यावर चालते ती.
गावात मात्र नदी दिसत नाही.
होत्या त्या गिरण्यांनी विटांखाली घातल्या,
अजून वाहतात म्हणे, गटारांच्या सोबतीनं.

मी बसते ती खोली गिरणीतलीच.
तिसरा मजला, भाड्याचं टेबल,
कॉफी फुकट, हीटर नावापुरता.
आई इथंच, दोन खिडक्या पलीकडे,
सतरा वर्षं कापडातले दोष शोधत उभी होती.
तुटलेला धागा तिला बोटांनी दिसायचा.
मग स्वस्त कापड आलं कुठून कुठून
आणि माग गेले लोखंडाच्या भावानं.
आई अजूनही मोठ्यानं बोलते.
मागांचा आवाज थांबून तीस वर्षं झाली
हे तिच्या घशाला कुणी कळवलं नाही.

परवा विचारत होती, बोगना, तू नक्की विकतेस काय?
म्हटलं, अक्षरांमधली मोकळी जागा.
"मोकळी जागा! आणि लोक पैसे देतात?"
द्यायचे, आई.

आता बावीसशे झ्वोटी म्हटलं की समोरचा गप्प होतो,
मग फोन पुढे करतो:
पाच डॉलर, चोवीस तास, तीन पर्याय,
वर व्हिजिटिंग कार्ड मोफत.
माझी वीस तारीख विम्याच्या हप्त्याची.
सॉफ्टवेअरचं भाडं मी झोपले तरी चालूच.
मार्चमध्ये दर उतरवला. मेमध्ये पुन्हा.
ऑगस्टमध्ये एका दंतवैद्याला लोगो दिला, दाढेच्या बदल्यात.
वर्षातला तेवढाच सरळ व्यवहार,
दोघांनी एकमेकांची भोकं बुजवली.

नोव्हेंबरात लेशेक बेकरीवाला आला.
नऊ डॉलरचा लोगो, छापखान्यानं परत धाडलेला.
गव्हाची ओंबी आहे की गोम, कळत नव्हतं.
"जरा नीट करून द्या, तासाभराचं तर काम."

फाइल उघडली ती वर्षभराचा राग बोटांत घेऊन.
कोपऱ्यात करणाऱ्याचं नाव: आर्नेल, सेबू.
लेअरवर लेअर, नावं त्याच्या भाषेतली.
सगळ्यांत खाली एक मिटवून ठेवलेला: उगमा.
डोळ्याच्या खुणेवर टिचकी मारली.

एकच ओंबी. अकरा दाणे.
किंचित कलती,
दार उघडून आत्ता कुणी आत आल्यासारखी.
अक्षरांत जागा मी सोडली असती तेवढीच.
नाही, केसभर कमी. आणि तीच बरोबर.

लेशेकला फोन केला.
"हो, हा आधी पाठवला होता त्यानं. रिकामा वाटला.
म्हटलं भर काहीतरी, सोनेरी कर."

शब्दकोशात पाहिलं. उगमा म्हणजे उद्या.

मी काहीही दुरुस्त केलं नाही.
गोम बंद केली, उद्या चालू केला.
काम चार मिनिटांचं, बिल दोन तासांचं.
लेशेकनं कुरकुरत दिले पैसे,
वर राईचा एक पाव, कालचा.

रात्री आर्नेलला लिहिलं:
तुझी ओंबी छापायला गेली.
बिलातला एक तास तुझा, खातं कळव.
उत्तर लगेच. माझ्याकडे आठ वाजलेले,
त्याच्याकडे पहाटेचे तीन.
"थँक यू मॅम. आणखी काम असेल तर सांगा.
दर अजून कमी करता येईल."

करू नकोस, असं लिहिलं.
पुसलं.
त्याच्या वीस तारखेचं मला काय माहीत?
तरी पुन्हा लिहिलं, पाठवलं,
आणि बराच वेळ तीन टिंबं हलत राहिली,
मग तीही थांबली.

डिसेंबरात आईकडे पाव नेला, नव्या कागदातला.
पाव बाजूला ठेवून तिनं कागदच हातात घेतला,
ओंबीवरून बोट फिरवलं, खालून वर, मग उलट.
कुठं अडलं नाही.
"कुणी केलं हे?" सगळ्या जिन्याला ऐकू जाईल असं विचारलं.

मी तिच्या कानाशी जाऊन
ओरडून नाव सांगितलं.
दोनदा.